चारी बुजवायच्या आधी



हरभरा-गहू निघाला, हळद शिजवायची धांदल उरकत आली, की आमच्या औंढा भागात पाईपलाईनचे दिवस लागतात. मृगाच्या आधी रान मोकळं असतं ते दीड-दोन महिने. तेवढ्यातच जेसीबी, फिटर अन् पाईपची गाडी सगळ्यांनाच पाहिजे असते. आजचं लिहिणं शेतकऱ्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त फिटरचं काम करणाऱ्या पोरांसाठी आहे. गावोगाव अशी दोन-चार पोरं आहेत. कुणी आयटीआय केलेलं, बाकी उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. आमच्या अन् भावकीच्या मिळून सात-आठ लाईनी चारीत उतरताना मी जवळ उभं राहून बघितल्या. पोरांचा हात चांगला असतो. काम बिघडतं ते हातामुळं कमी अन् घाईमुळं जास्त.

घाई कुणाची असते ते बघा. जेसीबी तासावर असतो. फिटरचा भाव फुटावर ठरलेला, जेवढे फूट तेवढे पैसे, अन् उद्या दुसऱ्याच्या रानात जायचं असतं. मालकाला वाटतं जेसीबी परत बोलावला तर येण्या-जाण्याचं भाडं पुन्हा पडेल, आजच बुजवून घ्या. तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे. पण तिघांचं खरं एकत्र आलं की लाईन पाणी न सोडताच मातीखाली जाते. सकाळी चिकटवलेला जोड संध्याकाळी गाडलेला असतो.

अन् आपली माती काळी आहे, हे विसरू नका. मुरमाड रानात लाईन फुटली तर पाणी वर येतं, डोळ्याला दिसतं. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गळालेलं पाणी भेगेत शिरतं अन् आतल्या आत वाट काढत कुठंतरी लांब निघतं. पावसाळ्यात तर सगळंच ओलं, काय कळणार? आमच्या शिवारातल्या एका जणाची ६०० मीटरची लाईन आहे, ओढ्याकाठच्या विहिरीवरून माळावर. पीककर्ज अन् वर घरातलं सोनं गहाण ठेवून केलेली. पहिल्या वर्षीच माळावरच्या हळदीला पाणी पुरेना. रात्रभर मोटार चालली तरी ठिबकच्या शेवटच्या नळ्या कोरड्याच. आधी मोटारीवर संशय, मग विहिरीवर, मग ठिबकवाल्यावर. मोटार दोनदा उघडली. दुसऱ्या उन्हाळ्यात धुऱ्याच्या पल्याड हिरवं गवत दिसलं तेव्हा कळलं. गवत दिसलं तिथून गळणारा जोड दीडशे फुटावर होता. बेंडातून पाईप दोन बोटं सरकलेला. दोन वर्षांची हळद गेली, अन् ज्या पोरानं लाईन केली होती त्याला गावात काम मिळेना. तो आता पुण्याला बांधकामावर आहे. पोरगं कामचुकार नव्हतं. त्या दिवशी चारी दोन दिवस उघडी ठेवा म्हणायला कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून भाव ठरवतानाच बोलून घ्या. खोदाई एका दिवशी, बुजवाई तिसऱ्या दिवशी. जेसीबीवाल्याला दोन खेपा आधीच सांगा, तो शेजारच्या गावातलं काम मधे घेतो. पाईपच्या मधल्या अंगावर थोडी माती लोटून ठेवा म्हणजे पाईप उचलणार नाही, पण जोड तेवढे उघडे राहू द्या. शेवटचा जोड सुकायला एक दिवस पूर्ण द्या. मग लाईन हळूहळू भरा, वरच्या टोकाचा वॉल उघडा ठेवून आतली हवा जाऊ द्या, अन् मग बंद करा. मोटारीजवळ एक प्रेशरचं घड्याळ लावा. महागाचं नसतं, प्रत्येक फिटरच्या पिशवीत असावं. तासभर काटा खाली उतरला नाही तर बुजवा. उतरला तर चारीच्या काठानं चालत जा, जोड उघडेच आहेत, दिसेल. एक मात्र सांगतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भरून टेस्ट घेऊ नका. पाण्यानं पाईप फुटला तर कपडे भिजतात. हवेनं फुटला तर पाईपाच्या चिंध्या गोळीसारख्या उडतात.

आता बेंड का सरकतो ते सांगतो, कारण पुष्कळ पोरांना वाटतं सोल्युशन कमी पडलं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलोचा दाब, हे सगळ्यांना माहीत आहे. चढ पंचवीस मीटरचा असला अन् पाईपात घासून जाणारा दाब धरला तर खालच्या अंगाला साडेतीन-चार किलो सहज होतात. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला असतो. ११० च्या पाईपाचं तोंड साधारण ९५ चौरस सेंटिमीटर. काटकोनातल्या बेंडावर चार किलो दाबाला बाहेरच्या बाजूला जोर येतो तो पाच क्विंटलच्या वर. हळदीची दहा पोती एका बेंडाच्या पाठीवर टेकवल्यासारखं, अन् तेही मोटार चालू-बंद होईल तेव्हा प्रत्येक वेळी. भुसभुशीत भरावाची काळी माती एवढा जोर धरत नाही. बेंडाच्या मागं, न खोदलेल्या घट्ट मातीला टेकवून, दोन-तीन घमेली सिमेंट-गिट्टीचा ठोकळा टाका. पण जोड सिमेंटात बुडवू नका, नाहीतर उद्या दुरुस्तीला छिन्नी-हातोडा लागेल. सरळ लाईनीला हा खर्च नाही. बेंड, टी अन् बंद टोक, एवढ्याच जागा.

दुसरं म्हणजे लाईट जाणं. आपल्याकडं थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, अन् जाते ती सांगून जात नाही. ६०० मीटर लाईनीत पाच हजार लिटर पाणी असतं, म्हणजे पाच टन. ते वर चढत असतं अन् एकदम मोटार थांबते. पाणी दमतं, थांबतं अन् उलटं फिरून खाली येतं. खाली एनआरव्ही असेल तर त्याच्यावर आदळतं, नसेल तर मोटार उलटी फिरवतं. म्हणून एनआरव्ही चांगल्यातला घ्या, तिथं पैसे वाचवू नका. अन् लाईन जिथं उंचवट्यावरून जाते तिथं एअर वॉल पाहिजेच. पाणी उलटं जाताना उंचवट्यावर आत पोकळी होते. बाहेरून हवा आत आली नाही तर पातळ पाईप चपटा होतो. चपटा झालेला पाईप बघून पोरं म्हणतात कंपनीचा माल खराब. कधी असतोही. पण आधी एअर वॉल होता का ते बघा.

सगळा पाईप एकाच किलोचा घ्यायची गरज नसते, हेही मालकाला सांगत जा. खालच्या अर्ध्या भागाला सहा किलोचा अन् वरच्या अर्ध्याला चार किलोचा, असं केलं तर पैसे वाचतात अन् लाईन टिकते. वाचलेल्या पैशात पाईप एक नंबर मोठा घ्या. तेवढंच पाणी ११० ऐवजी ९० मधून न्यायचं तर घासण्याचा खर्च जवळपास अडीचपट होतो. मालकाला पाईपाची किंमत दिसते, वीस वर्षं मोटार जास्त जोर लावणार ते दिसत नाही. ते दाखवायचं काम फिटरचं.

ऊन. मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, अन् उघड्यावर पडलेल्या पाईपाला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या पाईपाची लाईन दुपारी ताणून सरळ जोडली अन् तीन फूट खाली थंड मातीत गाडली, की ती आकसते. वीस अंशाचा फरक धरला तर शंभर मीटरला चौदा सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा जास्त. ती कुठून तरी निघणारच, म्हणजे सगळ्यात कच्च्या जोडातून. चारीत पाईप नागमोडी टाका, अन् दोन्ही टोकांचे शेवटचे जोड सकाळी गारव्यात करा. रबर रिंगचा पाईप परवडत असेल तर हा ताप बराच कमी, रिंग थोडी सरक देते.

जोड करताना कुसळ, माती, पाणी काही राहू देऊ नका. हाताखालचा पोरगा शर्टाच्या बाहीनं पुसतो अन् बाहीलाच माती असते. स्वच्छ फडकं वेगळं ठेवा. पाईप करवतीनं सरळ कापा, आतली-बाहेरची बुरी कानसीनं काढा, किती आत जाणार तिथं पेन्सिलनं खूण करा. सोल्युशन दोन्हीकडं पातळ लावा, खुणेपर्यंत दाबा, थोडं फिरवा अन् अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच सोडला तर पाईप स्वतःहून बाहेर सरकतो. डबा उघडा ठेवून घट्ट झालेलं सोल्युशन फेकून द्या. अन् कपलर संपला म्हणून तुऱ्हाट्या पेटवून पाईपाचं तोंड फुगवायचं, हे बंद करा. तोंड फुगतं तिथं जाडी कमी होते, एका बाजूला जास्त भाजलं जातं, अन् दोन वर्षांनी बरोबर तिथंच चिरतं.

आता जरा वेगळं. आपल्याच तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात लायगोचं काम चालू आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. लोक विचारतात तिथं नक्की काय होणार. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन पाईपलाईनी, काटकोनात, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. त्यातून पाणी जायचं नाही, उलट आतली हवासुद्धा काढून टाकायची अन् मधून लेझरचा उजेड सोडायचा. अमेरिकेत हॅनफर्ड अन् लिव्हिंगस्टनला अशा लाईनी आहेत, त्यांनीच १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वलहरी पहिल्यांदा पकडल्या. पाईप स्टेनलेस स्टीलचा, माणूस थोडा वाकून चालेल एवढा, चार फुटांचा. अन् जाडी किती? ३ मिलिमीटर. चार किलोमीटरला पृथ्वीची गोलाई मीटरभर वाकते, म्हणून आपण करतो तसं जमिनीवर नुसतं टाकून चालत नाही, लाईन खरोखरची सरळ धरावी लागते.

मला त्यातलं आवडलं ते असं. त्यांनी प्रत्येक नळकांडं लाईनीला जोडायच्या आधी हेलियम वायू वापरून वेगळं तपासलं. जोडल्यावर पुन्हा तपासलं. मग लाईनीतूनच २००० अँपिअर वीज सोडून पाईप दीडशे अंशाच्या आसपास आठवडे न् आठवडे तापवला, लोखंडाच्या अंगातली ओल अन् वायू निघावा म्हणून. आतली हवा काढायला ४० दिवस लागले. तापल्यावर लांबणारा पाईप सांभाळायला मधे मधे भात्यासारखे जोड ठेवले. पैसा त्यांच्याकडं आहे, आपल्याकडं नाही, हे कबूल. पण आपल्याला फक्त दोन दिवस अन् एक घड्याळ लागतंय.

फिटरची बरीच पोरं आता घरांत गरम पाण्याचीही कामं घेतात, तिथं चुकीची किंमत वेगळी असते. सोलरच्या गरम लाईनीला साधा पीव्हीसी टाकू नका, तो मऊ पडून लोंबतो. सीपीव्हीसी टाका. सोलरच्या टाकीचा हवेचा पाईप उघडाच राहिला पाहिजे, पाणी उडतं म्हणून त्याला बूच मारू नका. अन् गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये बसवा म्हणून मालकानं कितीही आग्रह केला तरी बसवू नका. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात कुठं ना कुठं बातमी येते. गीझर बाहेर, भिंतीतून नुसती पाण्याची नळी आत. ऐकत नसेल तर ते काम सोडून द्या.

हळदीच्या बॉयलरचंही तेच. काहिलीत हळद शिजवायचे दिवस गेले, आता वाफेवरचे कुकर गावोगाव फिरतात. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते, ती जाईल कुठं? वाफेचा सेफ्टी वॉल फुरफुरतो म्हणून त्याच्यावर वजन टांगलेलं किंवा तार गुंडाळलेली मी बघितली आहे. आपल्या विहिरीचं पाणी जड, क्षार बसून वॉल आपोआपही अडकतो. रोज पेटवायच्या आधी हातानं उचलून बघा, मोकळा आहे का. काचेच्या नळीत पाणी दिसत नसेल तर तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी ढकलू नका. आधी जाळ ओढा, थंड होऊ द्या.

शेवटची गोष्ट, पुन्हा लाईनीची. लांब लाईनीला मधोमध एक वॉल ठेवा. पुढंमागं गळती झाली तर तो बंद करून अर्धी लाईन तपासता येते, सगळं रान उकरावं लागत नाही. रात्री सामसूम असताना लोखंडी पहार जमिनीत रोवून वरच्या टोकाला कान लावला तर गळतीची सळसळ ऐकू येते. अन् चारी बुजवायच्या आधी, जोड उघडे असतानाच, मोबाईलमध्ये फोटो काढा. फोटो हरवतात, म्हणून मोटारीच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर ऑईलपेंटनं लिहून ठेवा: विहिरीपासून किती फुटावर पहिला बेंड, धुऱ्याच्या कोणत्या झाडापासून किती पावलं, कुठं टी, कुठं एअर वॉल, पाईप किती किलोचा, तारीख अन् फिटरचं नाव. पाचट कुट्टी करणाऱ्या किंवा नांगरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही ती भिंत दाखवा.