सोने : वाच्यार्थ कोणाचा?

'सोने' म्हणताच मूल्याची कल्पना मनात येते. शब्दाच्या मुळाशी मात्र मूल्याचा मागमूस नाही. संस्कृत 'सुवर्ण', प्राकृत 'सुवण्ण', 'सोण्ण' आणि मराठी 'सोने' अशी ही वाट आहे. मूळ शब्द सांगतो तो केवळ चांगला वर्ण. वैदिक 'हिरण्य'ही याहून निराळे सांगत नाही. 'हरि', 'हरित' आणि अवेस्तातील 'झरन्य' ही त्याची भावंडे. इंग्रजी 'गोल्ड'ही पिवळेपणाच्या, झळाळीच्या त्याच आदिधातूशी पोचतो. या धातूला नाव दिले ते डोळ्यांनी, तराजूने नव्हे.

ध्वनी झिजले तसा 'सोने'मधला 'वर्ण' दिसेनासा झाला. 'सोन्याहून पिवळे' या वाक्प्रचारात मराठी भाषकाने तो नकळत परत मिळवला. पण तेथे पिवळेपणा हा रंग राहत नाही, तो उत्कर्षाचे माप होतो.

कोशात धातू हा वाच्यार्थ आणि बाकीचे सारे लाक्षणिक, अशी उतरंड असते. दसऱ्याला ती डळमळते. आपट्याचे पान 'सोन्यासारखे' म्हणून कोणी देत नाही. 'सोने घ्या' असेच म्हणतात. 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात कौत्साला गुरुदक्षिणेसाठी १४ कोटी हवे असतात आणि सुवर्णवृष्टी रघूच्या कोशगृहात होते. लोककथेने ती आपट्याच्या झाडावर पाडली. राजाच्या कुलपातले सोने अशा रीतीने कोणाच्याही हाताशी आले.

ही उतरंड खरोखर उलटते ती घरात. अडचणीच्या वेळी बाई अंगावरचे सोने 'मोडते'. मराठीने योजलेले हे क्रियापद अर्थपूर्ण आहे. व्यवहार विक्रीचाच, पण त्यात घडण जाते, माहेरची खूण जाते, आणि उरतात ते तोळे, मासे, गुंजा. त्याच घरात मुलाला 'सोन्या' म्हणून हाक मारली जाते. गुंजभर सोने ज्या घराने कधी पाहिले नाही, तेथेही मारली जाते. शास्त्र या हाकेला लक्षणा म्हणेल. परंतु त्या मुलाला धातू ठाऊक होण्यापूर्वी हा शब्द ठाऊक झालेला असतो, तोही स्वतःचे नाव म्हणून. त्याच्यापुरता वाच्यार्थ तो स्वतःच आहे. सराफाच्या दुकानातला पिवळा धातू हाच पुढे कधीतरी कळलेला लक्ष्यार्थ.

कोशातला पहिला अर्थ आणि भाषकाचा पहिला अर्थ एकच असतो, हे गृहीतक अशा शब्दांच्या कसोटीवर घासून पाहावे लागते.