गाठ हातात आल्यावर

काखेतली गाठ काढून झाली की थिएटरमधला हात सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे जातो. लिम्फोमाचा प्रकार ठरवणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला नेमकी हीच सवय नको असते. त्याला गाठ हवी ताजी, सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये. फ्लो सायटोमेट्री या चाचणीला जिवंत पेशी लागतात. फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला तुकडा तिच्या कामाचा उरत नाही. म्हणून आधी पातळ चकत्या, काचेवर ठसे, एक तुकडा फ्लोसाठी, आणि मग बाकीचं फॉर्मॅलिनमध्ये. अख्खी गाठ तशीच टाकली तर द्रावण आत पोचेपर्यंत मधला भाग खराब होतो. पुढे कितीही महागड्या अँटिबॉडी वापरा, त्या भागाचा भरवसा नाही.

नुसत्या डोळ्यांवर मात्र भागत नाही. थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये लंडनला वाढलेल्या गाठींचे रुग्ण मांडले ते मुख्यतः शवविच्छेदनात डोळ्यांना दिसलं त्यावरून. त्यातले जपून ठेवलेले नमुने हर्बर्ट फॉक्सने १९२६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सगळे एकाच आजाराचे निघाले नाहीत.

सूक्ष्मदर्शकही फसवतोच. मँटल सेल लिम्फोमाच्या बी पेशी लहान, एकसारख्या. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया गाठीत उतरला की त्याच्याही पेशी लहानच. अँटिबॉडीने रंगवलं तर सीडी२० आणि सीडी५ ही प्रथिनं दोन्हींत पॉझिटिव्ह. सहसा सीडी२३ ल्युकेमियात रंगतो, आणि मँटलमध्ये सायक्लिन डी१ केंद्रकात तपकिरी उमटतो.

सायक्लिनची स्लाइड कोरी दिसली म्हणून मुरलेला पॅथॉलॉजिस्ट लगेच रिपोर्ट लिहायला बसत नाही. तो बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर शोधतो. तिथल्या काही केंद्रकांवर तरी फिका तपकिरी रंग हवा. तीही कोरी असतील तर संशय रंगावर: स्लाइड पुन्हा करा. (तंत्रज्ञ कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.) अस्तर रंगलं आणि ट्यूमर कोराच राहिला, तरी मँटल बाद झाला असं नाही; मोजक्या रुग्णांत सायक्लिन डी१ नसतोच, तिथे सॉक्स११ कामी येतो. एरवी ११ आणि १४ क्रमांकांच्या क्रोमोसोममधली अदलाबदल फिश चाचणीत पकडता येते.

पण हल्ली पुष्कळदा गाठ येतच नाही, येतो सुईने काढलेला शेवईएवढा तुकडा. गाठीची मूळ रचना त्यात धड कळत नाही आणि तो ज्यात बसवतात तो मेणाचा ब्लॉकही लवकर संपतो. अशा वेळी शहाणी लॅब कोऱ्या स्लाइड पहिल्याच बैठकीत कापून ठेवते; ब्लॉक मायक्रोटोमवर पुन्हा बसवला की तो सपाट करण्यातच थोडा टिश्यू वाया जातो.