अंधारातली स्वस्त नजर

ब्रिटनमध्ये रात्री ससे-कोल्हे टिपणारे काही हौशी शिकारी रायफलच्या दुर्बिणीला घरीच निशादर्शक जोडतात. दुर्बिणीमागे सीसीटीव्हीचा छोटा कॅमेरा, वर इवलासा पडदा, शेजारी अवरक्त टॉर्च, एवढाच संसार. माणसाची नजर साधारण 700 नॅनोमीटर तरंगलांबीला थांबते, सिलिकॉनचा सेन्सर मात्र 1,100च्या आसपास पोचतो. रंग बिघडू नयेत म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त किरण अडवणारी काच असते. इथे ती नकोच. खरी निवड टॉर्चची. 850 नॅनोमीटरचा प्रकाश सेन्सरला चांगला दिसतो, पण दिव्याचे तोंड मंद लाल चमकते. 940चा डोळ्याला दिसत नाही, पल्ला मात्र घटतो. चित्र कृष्णधवल, सपाट. सशामागे कुंपण आहे की माणूस, हे त्यात सहज कळत नाही. शिवाय कायद्याचीही मर्यादा आहे: इंग्लंडमध्ये हरणांवर रात्री गोळी झाडायला वेगळा परवाना लागतो.