बरतर्फ झिऑनांचा जमाखर्च

डेटा सेंटरांच्या चाकरीतून बरतर्फ झालेले झिऑन प्रोसेसर हल्ली बाजारात कवडीमोलाने मिळतात, आणि त्यांतला कोणता पत्करावा या विवंचनेत माझ्यासारख्या हौशी माणसाची संध्याकाळ सुखाने सरते. आज टेबलावर दोन आहेत: 2012 सालचा ई5-2670 आणि पुढल्याच वर्षीचा ई5-2680 व्ही2. झाकणावर कोरलेली अक्षरे, वर वाळलेली थर्मल पेस्ट अंगठ्याने खरवडल्यावाचून, वाचता येत नाहीत. पहिल्यात आठ कोअर, दुसऱ्यात दहा; परंतु खरे कौतुक असे की, 32 नॅनोमीटरांवरून 22 वर उतरलेली ही धाकटी पाती त्याच 115 वॅटांच्या मर्यादेत अधिक काम उरकते, आणि सॉकेट एकच असल्यामुळे, बायोस अद्ययावत असल्यास, जुन्याच मदरबोर्डावर निमूटपणे बसते.

2010च्या एक्स5670चा मोह केवळ स्वस्ताईचा. त्यात एव्हीएक्स नाही, आणि मोंगोडीबीची 5.0 आवृत्ती त्याला दारातूनच परत पाठवते. व्ही3 पिढीपाशी एव्हीएक्स2ची सनद आहे खरी, पण तिला मदरबोर्ड नवा लागतो आणि मेमरीही बहुधा डीडीआर4च.

शिवाय खरेदीची रक्कम हा एकदाचा नजराणा, विजेचे बिल हा दरसालचा शेतसारा: 115 वॅट अहोरात्र जळले तर दिवसाला पावणेतीन युनिटे होतात. घरच्या फायली सांभाळण्यास 70 वॅटांचा, मंदगती ई5-2650एल व्ही2 पुरेसा आहे, असे बुद्धी बजावते. तथापि उद्या मी 2680च बसवणार.