आधी प्लग काढ

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या दारात येझदी मोटरसायकल उभी होती, त्या घरांतल्या मुलांना रविवार कसा असायचा ते सांगायला नको. सकाळी आठला अंगणात गोणपाट अंथरलं जायचं. त्यावर पाने, पॉलिश पेपर, जुन्या धोतराच्या चिंध्या. बाबा बनियनवर उकिडवे बसलेले आणि भोवती आम्ही भावंडं.

कामं ठरलेली होती. दादा प्लग काढायचा, मी पेट्रोलची वाटी सांभाळायचो. धाकटीकडे सगळ्यांत जोखमीचं काम: निघालेले स्क्रू त्याच क्रमाने ताटलीत मांडून ठेवायचे. पुढे आईचं शिवणयंत्रही तिने तसंच उघडून जोडलं.

गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आमच्याकडे लिटरला 40 मिली, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून चार टोपणं. हात सैल सुटला की प्लगला काजळी धरायची, सायलेन्सर तुंबायचा. म्हणून काही बिघडलं की बाबांचं पहिलं वाक्य, ‘आधी प्लग काढ.’ टोक तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त, नाहीतर ठिणगी अशक्त. पांढुरकं पडलं असेल तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. डॉक्टर जीभ बघतात तसे बाबा प्लग बघायचे, आणि आम्हीही तो वाचायला शिकलो.

मग ठिणगी. पेट्रोलची वाटी लांब तुळशीपाशी नेऊन ठेवायची, प्लग वायरीला जोडून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. ही किकही न्यारीच! गियरची दांडी आत दाबून उभी केली की तीच किक. नवखा पाहुणा किक शोधत गाडीभोवती फिरायचा. ठिणगी निळी आणि टकटकीत आली तर छान. पिवळट आली की ठिणगीची वेळ साधणारे पॉईंट घासायला घ्यायचे. त्यांची फट 0.4 मिलिमीटर. पॉईंट नेमके कधी उघडतात ते पाहायला काकांच्या सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मधे धरायचा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. कागद अलगद सुटला की तो क्षण ठिणगीचा. आम्ही तिघंही तेव्हा श्वास रोखून बसायचो.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. त्यानंतर पुण्याला गेलं की सुट्या भागांसाठी बाबांची नाना पेठेत चक्कर ठरलेली. आईसाठी काही आणायचं एखादवेळी राहून जाई, पण पिशवीत पॉईंटचा सेट आणि क्लच प्लेटा असायच्याच. आईने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, हे आज फार जाणवतं.

बाबांना मोतीबिंदू झाला, त्या वर्षी दिवाळीत धाकटी माहेरी आली होती. पावसाळाभर गाडी उभी होती. बाबांना फट दिसेना, तेव्हा कागद तिने धरला. गाडी सुरू झाली, निळा धूर दोरीवरच्या कपड्यांवर गेला आणि आई ते काढायला धावली. बाबा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

‘अजून केसभर,’ ते म्हणाले. धाकटीने इंजिन बंद केलं आणि पुन्हा पाना हातात घेतला.