आज्याचं तुणतुणं

कुणी तेच तेच बोलू लागला की आपण म्हणतो, 'लावलं याने तुणतुणं!' हे ऐकलं की मी ओशाळतो. आमच्या घरात खुंटीला खरं तुणतुणं टांगलेलं आहे. लाकडी नळकांडं, बुडाला कातडं, त्यातून वर दांडीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. गोंधळात वडील संबळ वाजवतात आणि आजा तुणतुणं. सूरही तीच तार देते, ठेकाही तीच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (१९५६-६०) शाहिरांच्या डफाशेजारी हेच वाद्य होतं.

'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी थेट अमेरिकेतला वाद्यवृंद घेतला. ऐकून ऊर भरून आला. पण आजच्या गाण्यांत या एका तारेला जागा का नसावी?

हे विचारायचा हक्क मात्र मला नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनात गोंधळ बसवला, तो ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवर. सरांनी विचारलं, "कुणाकडे तुणतुणं मिळेल का रे?" मी मान खाली घातली. मुलं 'गोंधळ्याचा पोरगा' म्हणतील, ही भीती.

घरी आल्यावर आज्याने विचारलं, "तुणतुणं कोण धरून हुता रं?"

"होता एक पोरगा," मी म्हणालो.

"तार नीट लावली हुती नव्हं त्यानं?"