माया

अब्बा गेले तेव्हा त्यांचं वय ५१ होतं. मशीनवर ईदचे कुर्ते अर्धवट पडले होते. छातीत कळ आली आणि आम्ही रिक्षा आणेपर्यंत सारं संपलं. "उनका वक्त पूरा हुआ," अम्मी म्हणाली. मय्यतीला आलेले सगळे तेच म्हणाले, आम्ही तिघा भावंडांनीही मान हलवली. पण दादाही असेच गेले होते, आणि मोठे भाई आता ४४चे झालेत. ५१ हा आकडा आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

वडील कशानं गेले, कितव्या वर्षी, हे डॉक्टर हमखास विचारतात. का विचारतात, याचा शोध घेताना आम्ही डॉ. निलेश समानी यांच्या कामापर्यंत पोहोचलो. केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे हे हृदयरोगतज्ज्ञ इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठातले. त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय टेलोमिअर.

हा विषय अब्बांच्या दुकानातल्या भाषेत लवकर कळतो. कापड बेतताना अब्बा शिवणीबाहेर थोडं जास्तीचं कापड सोडत. त्याला माया म्हणतात. अंगावर घातलेल्या कुर्त्यात ती दिसत नाही, पण ती नसेल तर दशा सुटतात, शिवण उसवते. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच माया सोडलेली आहे. टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं तिथं शेकडो वेळा गिरवलेली असतात. पेशीची एकाच्या दोन होताना टोकापर्यंतची नक्कल पुरी उतरत नाही, माया जराशी कमी होते. ती फारच उरली नाही की पेशी वाढायचं थांबवते. धमनीच्या अस्तराची डागडुजी करणाऱ्या पेशीच अशा थकल्या तर हृदयविकाराला वाट मिळत असेल, असा समानींचा तर्क.

२००१ साली त्यांनी हृदयधमन्यांचा गंभीर आजार असलेल्या १० रुग्णांची २० निरोगी माणसांशी तुलना केली. रुग्णांच्या रक्तपेशींतली माया इतकी कमी भरली, जणू ते ८.६ वर्षांनी थोराड होते. दहा माणसं म्हणजे काय, असं कुणीही म्हणेल. म्हणून २००७ साली स्कॉटलंडमधले, पुढे हृदयविकार झालेले ४८४ पुरुष आणि न झालेले १०५८ पुरुष घेतले. मूळ मोजमाप आजाराच्या आधीच्या रक्तावर होतं. आखूड टेलोमिअरवाल्यांना धोका जास्त निघाला. मात्र त्यांच्यातल्या ज्यांना प्रॅव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, त्यांच्यात तो वाढीव धोका बराच उतरला होता.

२००८चा अभ्यास आम्ही दोनदा वाचला. ज्यांच्या आईबापांना हृदयविकार होता, त्या धडधाकट मुलांचेही टेलोमिअर इतरांपेक्षा आखूड भरले. कागद मिटला आणि चहा करायला उठलो.

तरी ही वारशाची चिठ्ठी काही अखेरची नाही. एकाच वयाच्या दोघांत टेलोमिअरचा फरक फार मोठा असतो, त्यावरून एकट्या माणसाचं भविष्य सांगता येत नाही. समानींच्याच गटानं २०२१ साली ब्रिटनमधल्या ४,७४,०७४ लोकांची मोजमापं प्रसिद्ध केली, आणि लांब टेलोमिअरही काही फुकट मिळत नाहीत, काही कॅन्सरचा धोका त्यांच्याबरोबर येतो, हेही दिसून आलं. म्हणून टेलोमिअर मोजून वय सांगणाऱ्या चाचण्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. शिवाय अब्बा दिवसाला दोन बंडल विड्या ओढत. तो हिशेब करायला कोणतंही यंत्र लागत नाही.

अम्मीला हे सगळं सांगितलं. ती दुकानाची काजं-बटणं करायची. ऐकून म्हणाली, "कपड़ा कम पडा तो तुम्हारे अब्बा जोड लगाते थे, फेंकते नहीं थे."

गेल्या महिन्यात भाईंना ओढत रक्त तपासायला नेलं. वेळ लिहिलेली असेल तर गोळी कशाला, हा त्यांचा वाद. लहानपणी उंट बांधायची हदीस आम्हाला त्यांनीच सांगितली होती, याची आठवण करून दिली, तेव्हा गप्प झाले. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. आता रात्रीच्या जेवणानंतर स्टॅटिनची गोळी चालू आहे. विडीचं विचारलं की मात्र भाई अजून मशीनचं चाक फिरवू लागतात.